शहराच्या स्थानिक इतिहासाच्या ग्रंथसूचीसाठी नियंत्रित शब्दसंग्रह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शोधपेटी असताना नियंत्रित शब्दसंग्रह कशाला हवा?

शोधपेटी नोंदीत जो शब्द आहे तोच शोधते. 'हॉस्पिटल' असं टाइप करणाऱ्याला शीर्षकात 'इस्पितळ' असलेला लेख दिसत नाही, आणि 'रुग्णालय' शोधणाऱ्याला दोन्ही दिसत नाहीत. स्थानिक इतिहासात ही अडचण जास्तच जाणवते, कारण इथली शीर्षकं बहुतेकदा विषय सांगतच नाहीत. संस्थेच्या शतकमहोत्सवी स्मरणिकेला एखादं काव्यमय नाव दिलेलं असतं आणि आतला सगळा मजकूर शहराच्या पाणीपुरवठ्यावर असतो. शिवाय रस्त्यांची, चौकांची, संस्थांची नावं बदलत राहतात.

नियंत्रित शब्दसंग्रहात एका कल्पनेसाठी एकच मान्य शब्द ठरवतात आणि त्याच अर्थाचे बाकीचे शब्द त्याच्याकडे वळवतात. 'रुग्णालय' मान्य करायचा निर्णय पाच मिनिटांत होतो. 'इस्पितळ' आणि 'हॉस्पिटल' घेऊन येणारा वाचक तिथपर्यंत पोचेल याची सोय करायला मात्र वेळ लागतो. नाकारलेल्या शब्दांची यादी जितकी भरघोस, तितका शब्दसंग्रह उपयोगी ठरतो. खालची बहुतेक उत्तरं याच मुद्द्याभोवती फिरतात.

एखादी तयार विषयशीर्षकांची यादी वापरली तर काय बिघडतं?

सामान्य विषयांसाठी वापराच. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची विषयशीर्षकं किंवा गेटी संस्थेचा कला आणि स्थापत्य थिसॉरस (शब्द आणि त्यांची परस्पर नाती मांडणारा कोश) यांत 'पूल', 'संप', 'साथीचे रोग' यांच्या व्याख्या आणि परस्परसंबंध आधीच विचारपूर्वक मांडलेले आहेत. पण त्या याद्या साऱ्या जगासाठी आहेत. एका शहरातल्या पेठा, घाट, नाके, गिरण्या, तालमी त्यांत नसतात, आणि तुमच्या सूचीतल्या बऱ्याच शोधांचा रोख त्यांच्याकडेच असतो. त्यामुळे सामान्य विषयांची चौकट उसनी घ्यावी, स्थळं, व्यक्ती, संस्था आणि घटना स्वतः बांधाव्यात.

एक धोका इथेच सांगायला हवा. उसन्या यादीत सूचीचं शहर हे अनेक शहरांपैकी एक असतं, म्हणून प्रत्येक विषयशीर्षकाला शहराचं नाव आणि पुढे 'इतिहास' जोडायची पद्धत असते. तुमची पूर्ण सूचीच त्या शहराच्या इतिहासाची आहे. पाच हजार नोंदींवर तीच दोन शीर्षकं बसली तर ती काहीच निवडून देत नाहीत. शहराचं नाव फक्त संपूर्ण शहराचा आढावा घेणाऱ्या ग्रंथांसाठी राखून ठेवावं.

सुरुवात कुठून करायची?

कोऱ्या कागदावर बसून विषयांचं झाड काढण्यापासून तर अजिबात नाही. ब्रिटिश ग्रंथपाल ई. विंडहॅम ह्यूम यांनी १९११ मध्ये मांडलेलं तत्त्व आजही चालतं: जो विषय प्रत्यक्ष साहित्यात आढळतो त्यालाच यादीत जागा. हाताशी असलेल्या साहित्यातून सुमारे ३०० नोंदी निवडा. निवड मिश्र हवी: ग्रंथ, नियतकालिकांतले लेख, स्मरणिका, अहवाल, नकाशे, प्रबंध, आणि सर्व दशकांतले. प्रत्येक नोंद कशाबद्दल आहे हे सुचतील त्या शब्दांत लिहून काढा. या टप्प्यावर शब्द जुळवायचा प्रयत्न करू नका, नाहीतर पहिल्या पन्नास नोंदींचे शब्द पुढच्या अडीचशेंवर लादले जातात.

मग सगळे शब्द एका तक्त्यात घालून वर्णानुक्रमे लावा. एकाच अर्थाचे शब्द शेजारी आणा. दुसरीकडे वाचक काय विचारतात ते गोळा करा: संदर्भ विभागातली चौकशीवही, शोधपेटीत टाइप झालेले आणि एकही उत्तर न मिळालेले शब्द. हा दुसरा साठा फार मोलाचा आहे, कारण नाकारलेले शब्द मुख्यतः तिथूनच मिळतात.

त्यानंतर मान्य शब्द निवडायचा. कसोटी एकच ठेवा: आजचा सुशिक्षित पण विषयतज्ज्ञ नसलेला वाचक पहिल्यांदा कोणता शब्द वापरेल? 'अग्निशमन दल' आणि 'बंबखाना' यांत 'अग्निशमन दल' मान्य करावं, 'बंबखाना' त्याकडे वळवावा. पारिभाषिक कोशातला शब्द बरोबर असला तरी कुणी बोलत नसेल तर तो वळवण्याच्या यादीत घाला.

एका शब्दाच्या नोंदीत काय काय असावं?

नमुना असा:

क्रमांक: ०२१४
मान्य शब्द: रुग्णालय
वळवायचे शब्द: इस्पितळ, हॉस्पिटल
छुपे शब्द: रूग्णालय
व्यापक: आरोग्यसंस्था
संकुचित: प्रसूतिगृह
संबंधित: परिचर्या, साथीचे रोग
व्याप्ती-टीप: रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या संस्था. फक्त बाह्यरुग्ण तपासले जातात अशा ठिकाणांसाठी 'दवाखाना' वापरा.
निर्णय: तारीख, कुणी घेतला, कोणत्या नोंदीमुळे

छुपा शब्द म्हणजे वाचकाला दाखवायचा नाही पण शोधात धरायचा शब्द. नेहमीच्या चुकीच्या लेखनाला तिथे जागा द्यावी. व्याप्ती-टीप प्रत्येक शब्दाला लागत नाही. जिथे दोन निर्देशक (नोंदींना विषयशीर्षकं देणारी माणसं) दोन वेगळे अर्थ घेऊ शकतात तिथे मात्र ती हवीच. 'दवाखाना' हा असाच शब्द आहे, कारण बोलण्यात तो रुग्णालयालाही वापरतात. टिपेत काय येतं यापेक्षा काय येत नाही आणि ते कुठे सापडेल हे लिहिणं जास्त कामाचं.

निर्णयाची ओळ गाळू नका. तीन वर्षांनी नवा माणूस 'दवाखाना वेगळा का?' असं विचारतो, उत्तर कुणालाच आठवत नाही, आणि तोच वाद पहिल्यापासून सुरू होतो.

गट किती आणि कोणते करावेत?

सात पुरतात: स्थळ, व्यक्ती, संस्था, घटना, विषय, काळ आणि साहित्यप्रकार. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी द्विबिंदू वर्गीकरण या ग्रंथवर्गीकरणाच्या पद्धतीत (पहिली आवृत्ती १९३३) अवकाश आणि काल हे विषयापासून वेगळे पैलू मानले. स्थानिक इतिहासाला तो विचार चपखल बसतो.

साहित्यप्रकार वेगळा ठेवण्याबद्दल आग्रहाने सांगावंसं वाटतं. एखादी नोंद स्वतः नकाशा असते, दुसरी नकाशांबद्दल असते. दोघींना 'नकाशा' हाच विषय दिला तर नकाशानिर्मितीवरचा एकुलता एक लेख चारशे नकाशांखाली गाडला जातो. छायाचित्रं, वृत्तपत्रं आणि गॅझेटिअर यांचंही असंच होतं.

रस्ते, वस्त्या आणि प्रभाग कसे नोंदवायचे?

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, आणि तो द्यायला हवा.

रस्त्याचं नाव बदललं पण रस्ता तोच राहिला, तर आजचं अधिकृत नाव मान्य करा आणि आधीची सर्व नावं, ती कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत होती या माहितीसह, वळवा. लोकांच्या तोंडचं नाव अधिकृत नसलं तरी तेही. शहराच्या नावालाही हाच नियम लागतो. सेंट पीटर्सबर्ग १९१४ मध्ये पेट्रोग्राड झालं, १९२४ मध्ये लेनिनग्राड आणि १९९१ मध्ये पुन्हा सेंट पीटर्सबर्ग. भूभाग मुळात तोच असेल तर विषय म्हणून फक्त शेवटचं नाव वापरायचं, अशीच लायब्ररी ऑफ काँग्रेसची पद्धत आहे. ग्रंथाच्या शीर्षकातलं जुनं नाव मात्र जसंच्या तसं ठेवायचं. शीर्षक ही उद्धृत केलेली गोष्ट आहे.

भूभागच बदलला असेल तर नियम उलटतो. बुडा, पेश्त आणि ओबुडा एकत्र येऊन १८७३ मध्ये बुडापेस्ट झालं. ब्रुकलिन १८९८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये विलीन होईपर्यंत स्वतंत्र शहर होतं. १८५० मधल्या पेश्तवरचा लेख 'बुडापेस्ट'खाली घातला तर तो जे सांगतच नाही ते त्याच्या माथी मारलं जातं. इथे जुन्या शहराला स्वतःचं विषयशीर्षक द्या आणि 'पुढे यात विलीन' आणि 'यापूर्वीची शहरं' अशी दुहेरी जोड द्या. हद्दवाढीत आलेल्या गावांना हेच लागू होतं. गाव म्हणून असलेला काळ आणि उपनगर म्हणून असलेला काळ यांची दोन शीर्षकं करायची का, हे साहित्यावरून ठरवा. दहापेक्षा कमी नोंदी असतील तर एकच शीर्षक आणि एक टीप पुरे.

प्रभाग आणि वस्ती एक मानू नका. वस्तीला नाव असतं पण कायदेशीर सीमा नसते. प्रभागाला सीमा असते, पण ती पुनर्रचनेत बदलते आणि क्रमांक दुसऱ्याच भागाला मिळतो. 'प्रभाग १२' हे शीर्षक काही वर्षांत खोटं पडतं. प्रभाग वापरायचाच असेल तर पुनर्रचनेचं वर्ष नावातच घाला. वस्तीसाठी व्याप्ती-टिपेत ढोबळ सीमा शब्दांत लिहा (नदी, रेल्वेमार्ग, मोठा रस्ता) आणि मध्याचे अक्षांश-रेखांश द्या. नाव बदललं तरी अक्षांश-रेखांश तेच राहतात, पुढे नकाशावर सूची दाखवायची झाली तर तेच कामी येतात.

सारख्या नावाच्या दोन जागांना कंसात ओळख द्यावी: 'नवा पूल (रेल्वे)', 'नवा पूल (नदी)'. 'नवा', 'जुना', 'मोठा' ही विशेषणं असलेली नावं पहिल्या दिवसापासून ओळखीसकट नोंदवावीत. दुसरा नवा पूल कधीतरी बांधला जातोच.

संस्थांनी नाव बदललं तर?

संस्थांसाठी रस्त्यांचा नियम चालवू नका. नावाबरोबर संस्थेचं काम, मालकी किंवा कायदेशीर रूपही बहुधा बदललेलं असतं, म्हणून प्रत्येक नावाला स्वतंत्र नोंद आणि 'आधीचं नाव' आणि 'नंतरचं नाव' अशी साखळी ठेवावी. अपवाद फक्त शुद्धलेखनाचा, संक्षेपाचा किंवा 'श्री', 'दि' अशा सुरुवातीच्या शब्दाचा फरक असेल तर. ते सरळ वळवा.

मराठीत एकवचन घ्यावं की अनेकवचन?

इंग्रजी थिसॉरसमध्ये मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी अनेकवचन वापरतात. मराठीत आमची शिफारस एकवचनाची आहे. 'पूल', 'घाट', 'बाजार' यांचं अनेकवचन तसंच राहतं, 'रस्ता', 'विहीर' यांचं बदलतं. अनेकवचनाचा नियम केला तरी यादी एकसारखी दिसत नाहीच. शिवाय वाचक कोशात शोधावा तसा मूळ शब्द टाइप करतो.

यापेक्षा मोठी अडचण सामान्यरूपाची आहे. 'देऊळ' शोधलं तर 'देवळांचा इतिहास' सापडत नाही, 'पाऊस' शोधलं तर 'पावसाचे' सापडत नाही. तुमच्या प्रणालीत मराठी शब्दमूळ ओळखण्याची सोय नसेल, तर ज्या शब्दांचं सामान्यरूप सुरुवातीच्या अक्षरांतच वेगळं होतं (देऊळ–देवळा, पाऊस–पावसा, विहीर–विहिरी) त्यांची ती रूपं छुप्या शब्दांत घाला. 'बाजार–बाजारा'साठी तसं करायची गरज नाही. शब्दाच्या सुरुवातीवरून शोध घेतला की ते सापडतं.

शुद्धलेखन आणि संगणकावरची अक्षरं यांत काय चुकतं?

बरंच काही, आणि ते डोळ्यांना दिसत नाही म्हणून जास्त त्रास होतो.

मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांआधी छापलेल्या साहित्यात 'नांव', 'गांव', 'कांहीं' असं लेखन सर्रास आढळतं. शीर्षक उतरवताना ते तसंच ठेवा, शब्दसंग्रहात आजचं लेखन वापरा आणि जुनं लेखन छुप्या शब्दांत घाला.

'ॲ' दोन प्रकारे टाइप होतो: एक स्वतंत्र अक्षर म्हणून, आणि 'अ' ला वरचा चंद्र जोडून. पडद्यावर दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. युनिकोडच्या (संगणकावर प्रत्येक अक्षराला संकेतांक देणाऱ्या मानकाच्या) नेहमीच्या प्रमाणीकरणाने ते एक होत नाहीत, कारण पहिल्याचं दुसऱ्यात विघटन ठरवलेलंच नाही. 'ऑ' चंही तसंच. 'सुऱ्या', 'दऱ्या' यांतला अर्धा र (ऱ्) देखील दोन मार्गांनी टाइप होतो, आणि एका मार्गात न दिसणारं जोडचिन्ह मध्ये बसतं. हे सगळं नोंद साठवण्याआधीच एका ठरावीक रूपात आणणारा बदल-तक्ता करून घ्या. तो नसेल तर 'ॲकॅडमी' एकाच यादीत दोनदा येते आणि दुसरी का आली हे शोधण्यात दुपार जाते. शब्दाच्या शेवटची रिकामी जागा हाही असाच शत्रू.

अनुक्रमाकडेही लक्ष द्या. युनिकोडच्या संकेतक्रमानुसार 'ळ' हे 'ल' च्या लगेच नंतर येतं. मराठी वर्णमालेत ते 'ह' नंतर, त्यापुढे क्ष आणि ज्ञ. छापील सूची काढायची असेल तर क्रम मराठीवर लावला आहे ना, हे ळ ने सुरू होणाऱ्या नव्हे, 'माल', 'माळ', 'माव' अशा शब्दांवर तपासा: 'माळ' शेवटी यायला हवं.

व्यापक, संकुचित आणि संबंधित हे कसं ठरवायचं?

'सगळे–काही' कसोटी लावा. सगळी प्रसूतिगृहं रुग्णालयं असतात, काही रुग्णालयं प्रसूतिगृहं असतात, नातं बरोबर. 'विहीर' हा 'पाणीपुरवठा' चा प्रकार आहे का? विहीर ही वस्तू आहे आणि पाणीपुरवठा ही व्यवस्था, त्यामुळे हे नातं संबंधिताचं. अशा चुका नेहमी एकाच कारणाने होतात: आपण पुस्तकाच्या प्रकरणांसारखे विषय लावतो, आणि 'पाणीपुरवठा' या प्रकरणात विहिरींचा उल्लेख येतो.

या कसोटीला दोन ठरलेले अपवाद आहेत: भौगोलिक भाग (गल्ली पेठेत, पेठ शहरात) आणि विशिष्ट उदाहरण (अमुक पूल हा 'पूल' चा). थिसॉरससाठीच्या आयएसओ २५९६४ या मानकात (पहिला भाग २०११, दुसरा २०१३) ही तिन्ही नाती मान्य आहेत. एकाच जोडीला व्यापक आणि संबंधित दोन्ही करू नका.

काळ शब्दांत लिहावा की आकड्यांत?

आकड्यांत. सुरुवातीचं वर्ष आणि शेवटचं वर्ष, दोन वेगळ्या रकान्यांत. राजवटीची नावं वाचकासाठी वळवण्याच्या यादीत ठेवता येतात, पण राजवट शहराच्या सर्व भागांत एकाच दिवशी बदलत नाही. हा काळ आशयाचा असतो, प्रकाशनाचा नाही, हे निर्देशकांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

वादग्रस्त किंवा अपमानकारक शब्दांचं काय करायचं?

घटनेच्या नावातच निवाडा असू शकतो. १८५७ ला बंड, उठाव किंवा स्वातंत्र्यसमर म्हणणारे ग्रंथ एकाच कपाटात असतात आणि ते एकाच शीर्षकाखाली सापडायला हवेत. शहरपातळीवरच्या घटनांसाठी 'प्रकार, स्थळ, वर्ष' असं कोरडं रूप ठेवा आणि सर्व प्रचलित नावं वळवा. समाजगटांसाठी ते स्वतःला जे म्हणवतात ते नाव मान्य करा. जुना अपमानकारक शब्द मान्य शब्दांत नको, दिसणाऱ्या पर्यायांतही नको. छुप्या शब्दांत मात्र हवा, कारण जुन्या कागदपत्रांतून तोच शब्द घेऊन अभ्यासक येतो. बदल करायला मोठ्या याद्यांनाही वेळ लागतो: लायब्ररी ऑफ काँग्रेसने 'इल्लीगल एलियन्स' ('बेकायदा परके') हे शीर्षक २०१६ मध्ये काढायचं ठरवलं, प्रत्यक्षात ते २०२१ मध्ये बदललं. स्थानिक सूचीला इतकी वाट पाहायचं कारण नाही.

एका नोंदीला किती शीर्षकं द्यावीत?

साधारण तीन ते सहा. अमेरिकन ग्रंथपाल चार्ल्स कटर यांनी १८७६ मध्ये घालून दिलेला नियम पाळा: जो नेमका विषय आहे त्याखाली नोंदवा, त्याच्या व्यापक विषयाखाली पुन्हा नको. ग्रंथाचा किमान २० टक्के भाग व्यापणाऱ्या विषयालाच शीर्षक, असा लायब्ररी ऑफ काँग्रेसचा संकेत आहे. स्थानिक इतिहासात तो सैल करावा लागतो. चारशे पानांच्या आत्मचरित्रातलं गिरणीसंपावरचं बारा पानी प्रकरण ही त्या संपावरची एकमेव साक्ष असू शकते. त्याला प्रकरण म्हणून वेगळी नोंद द्या. स्मरणिकेतल्या लेखांनाही तशीच.

शीर्षकं जोडून द्यावीत की सुटी?

छापील सूचीसाठी जोडून ('पूल – दुरुस्ती – १९६१'), संगणकावरच्या सूचीसाठी सुटी. सुट्या शब्दांत खोट्या जोड्या जमतात: एका लेखात गिरणीतली आग आणि गोदीतला संप असेल तर 'गिरणी' आणि 'संप' शोधणाऱ्याला तो चुकीने मिळतो. असे लेख मोजके असतात. त्यांच्या दोन नोंदी करणं स्वस्त पडतं.

कोणतं सॉफ्टवेअर?

पहिल्या पाचशे शब्दांपर्यंत साधा तक्ता. नावांतले जवळपास सारखे शब्द पकडायला ओपनरिफाइन उत्तम. पुढे टेमाट्रेस किंवा व्होकबेंच ही शब्दसंग्रह सांभाळणारी सॉफ्टवेअर, दोन्ही विनामूल्य. निवड कोणतीही करा, माहिती स्कॉस या शब्दसंग्रहांसाठीच्या प्रमाणित रूपात बाहेर काढता येते का ते आधी पाहा. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी ने २००९ मध्ये शिफारस केलेलं हे रूप एका भाषेत एका कल्पनेला एकच मान्य शब्द देऊ देतं, आणि छुप्या शब्दांसाठीही त्यात जागा आहे.

शब्द नंतर बदलता येतात का? काम बरोबर चाललं आहे हे कसं कळतं?

बदलता येतात, पण क्रमांक कधीच पुन्हा वापरू नका. रद्द शब्द पुसू नका. 'रद्द, त्याऐवजी अमुक' अशी खूण करा. दोन शब्द एकत्र करणं यंत्र एका आज्ञेत करतं. एका शब्दाचे दोन करायचे तर त्याखालची प्रत्येक नोंद माणसाने पुन्हा वाचावी लागते. म्हणून अर्थ एकच आहे अशी खात्री नसेल तोवर शब्द वेगळे ठेवा. एखाद्या शब्दाखाली दोनशेच्या वर नोंदी गेल्या की तो फोडायचा का हे पाहा. दोन वर्षांत एकच नोंद लागलेला विषय वरच्या शब्दात विलीन करायचा का हेही पाहा. स्थळं आणि व्यक्ती यांना मात्र हा दुसरा नियम लावू नका.

तपासणीसाठी दर सहा महिन्यांनी त्याच ३० नोंदी दोन निर्देशकांना स्वतंत्रपणे द्या. दोघांनी दिलेली समान शीर्षकं भागिले एकूण वेगवेगळी शीर्षकं. चार समान, दोन फक्त पहिल्याची, दोन फक्त दुसऱ्याची असतील तर ४ भागिले ८, म्हणजे ५० टक्के. आकडा कमी आला म्हणून निर्देशकांना दोष देऊ नका. ज्या शब्दांवर मतभेद झाला त्यांच्या व्याप्ती-टिपा उघडा. बहुतेकदा तिथे टीपच नसते. त्याच बैठकीत गेल्या सहा महिन्यांतले निष्फळ शोध वाचा आणि त्यांतला प्रत्येक अर्थपूर्ण शब्द कुठे ना कुठे वळवा.